आज उड्डाण नाही

स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी यंदा मला विषय दिला तो असा : ‘तुम्ही हवाई दलात होतात, तिथल्या फिटनेसविषयी काहीतरी लिहा, आपल्या डॉक्टर मंडळींची पोटे सुटत चालली आहेत.’ विषय सुचवणाऱ्या मित्राचे स्वतःचे पोट पाहता ही विनंती अगदीच निःस्वार्थ होती असे म्हणवत नाही. तरीही मी होकार दिला, कारण गेली पंचवीस वर्षे धामनोदमध्ये कोणी मला हवाई दलाविषयी विचारले की प्रश्न ठरलेला असतो, ‘डॉक्टरसाहेब, विमानात बसलात का?’ आणि माझे उत्तर ऐकून विचारणाऱ्याचा हिरमोड होतो. पाच वर्षांच्या नोकरीत मी बहुतेक वेळ वैमानिकांचे घसे पाहिले, कानाच्या पडद्यावर उजेड टाकला आणि ‘काल झोप किती झाली?’ हा एकच प्रश्न हजारो वेळा विचारला. विमाने उडत होती. मी जमिनीवर होतो.

इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर १९९५ साली मी सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेत अल्पमुदतीचे कमिशन घेतले. वडिलांना वाटे, मुलगा महूच्या छावणीत राहील आणि दर रविवारी घाट उतरून घरी जेवायला येईल. नशिबाने मला निळा गणवेश मिळाला आणि महू बाजूलाच राहिले. पाच वर्षांत मी तीन हवाई तळ पाहिले. त्यांपैकी ग्वाल्हेरच्या महाराजपूर तळाविषयी मोकळेपणाने लिहितो, कारण आपल्या प्रांतातले ते ठिकाण आपल्याला परके नाही. मात्र पुढे ज्या दोन घटना सांगणार आहे त्या कोणत्या तळावरच्या, हे मुद्दाम सांगत नाही.

महाराजपूर हे मिराज २००० विमानांचे घर. फ्रान्सहून ही विमाने १९८५ साली तेथे आली. कारगिलच्या लढाईत २४ जून १९९९ रोजी टायगर हिलवर लेसरच्या मार्गदर्शनाने बॉम्ब टाकणारी विमाने मिराजच होती, आणि २६ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे बालाकोटवर गेलेली विमानेही मिराजच. वर्तमानपत्रे वाचणाऱ्याला तळ दिसतो तो अशा तारखांमधून. तेथे राहणाऱ्याला तो दिसतो इतर सगळ्या दिवसांमधून, ज्या दिवशी काहीच घडत नाही आणि काहीच घडू नये यासाठी काही हजार माणसे पहाटेपासून राबत असतात.

माझा दिवस पहाटे सुरू होई. सकाळच्या ब्रीफिंगमध्ये प्रथम हवामान अधिकारी बोलत : दृष्यता किती, वारा कोणीकडून, ढग किती उंचीवर. मग पक्ष्यांचा विषय निघे. वाचकांना हसू येईल, पण हवाई तळावर घार हा गंभीर विषय आहे. ताशी कित्येकशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाच्या इंजिनात अर्ध्या-पाऊण किलोचा पक्षी गेला तर कोट्यवधींचे यंत्र आणि आतील माणूस दोन्ही धोक्यात येतात. म्हणून धावपट्टीच्या कडेला फटाके व बंदुका घेऊन पक्षी पिटाळणारी माणसे दिवसभर उभी असतात. गवत किती वाढू द्यायचे याचाही नियम असतो. १९३७ च्या विमान नियमांत विमानतळाभोवती दहा किलोमीटरच्या परिघात उघड्यावर कचरा टाकण्यास आणि जनावरे कापण्यास मनाई केली आहे, ती या घारी-गिधाडांसाठीच. नगरपालिकेची कचरागाडी आणि लढाऊ विमानाची सज्जता यांचा असा थेट संबंध आहे, हे मला तेथे जाईपर्यंत ठाऊक नव्हते.

ब्रीफिंगमध्ये मी एका कोपऱ्यात चहाचा पेला घेऊन बसे. मला बोलण्यासारखे क्वचितच असे. माझे काम पाहण्याचे होते. कोण नेहमीपेक्षा गप्प आहे, कोण नाकाने बोलतो आहे, कोणाचे डोळे रात्रभर जागल्यासारखे दिसत आहेत. रक्तदाब, वजन, दृष्टी यांचे कागद दवाखान्यात नियमाने तयार होतच. पण वार्षिक तपासणीत ‘ए१ जी१’, म्हणजे हवेत व जमिनीवर सर्वथा सक्षम, असा शेरा मिळालेला माणूस आज सकाळी सक्षम आहे की नाही, हे कागद सांगत नाही. त्या श्रेणीच्या दुसऱ्या टोकाला ‘ए४’ असे : उड्डाण बंद. वैमानिकाला शत्रूच्या तोफेपेक्षा या दोन अक्षरांची धास्ती अधिक. वार्षिक तपासणीचा महिना आला की मेसमध्ये पराठे शिल्लक राहू लागत आणि संध्याकाळी मैदानावर धावणाऱ्यांची गर्दी होई. तपासणी झाली की दोन्ही गोष्टी पूर्ववत होत. संपादकांनी मागितलेला फिटनेसचा भाग एवढाच आहे. तो येथे संपला.

वैमानिकाला एवढे जपावे का लागते, हे डॉक्टर वाचकांना दोन आकड्यांत सांगता येईल. हृदयापासून डोळ्यापर्यंतचे अंतर सुमारे ३० सेंटीमीटर. बसलेल्या माणसाचे रक्त तेवढे वर चढवायला सुमारे २२ मिलीमीटर दाब खर्च होतो. विमान जोरात वळवले आणि शरीरावर पाचपट भार, म्हणजे ५ जी आला, की हाच खर्च ११० मिलीमीटर होतो. हृदयाजवळ १२० असलेला दाब मेंदूपाशी पोचेपर्यंत जवळजवळ संपतो. डोळ्याच्या आतील दाब १५-२० असल्याने पहिली जाते ती दृष्टी. आधी रंग, मग कडा, मग सारेच. त्यानंतर शुद्ध. मिराज विमान ९ जी सहन करते. प्रश्न माणसाचा असतो. त्यासाठी पाय व पोट आवळणारा जी-सूट असतो, आणि मांड्या-पोटाचे स्नायू घट्ट करून, श्वास रोखून, झटक्याने पुन्हा घेण्याची एक कसरत असते, जी वैमानिक वर्षानुवर्षे घटवतात. ९ जी ला डोके आणि हेल्मेट मिळून साठ किलोच्या पुढे भरतात; मानेचे मणके तरुणपणीच झिजलेले मी पाहिले आहेत. यात रात्रीचे जागरण, एक वेळचा उपास किंवा थोडासा जुलाब मिळवा, की सहनशक्ती केव्हा कमी झाली हे कळतही नाही.

आणि उन्हाळा. ग्वाल्हेरचा मे महिना आणि आपल्या निमाडचा मे महिना यांत डावे-उजवे करणे कठीण आहे. पारा पंचेचाळिसाला भिडतो. अशा उन्हात काचेच्या झाकणाखाली, जाड पोशाखात पट्ट्यांनी बांधलेला वैमानिक धावपट्टीवर परवानगीची वाट पाहत बसतो, तेव्हा उड्डाणापूर्वीच तो घामाने निथळलेला असतो. शरीरातील पाणी कमी झाले की जी सहन करण्याची ताकदही कमी होते. त्यामुळे माझे अर्धे अधिक वैद्यक त्या दिवसांत ‘पाणी प्या’ एवढ्यावर येऊन थांबे. निमाडच्या माणसाला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. कापूस वेचणाऱ्या बायांना मी आज तेच सांगतो.

वय मात्र आपण समजतो तेवढे आडवे येत नाही. राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील २५ नोव्हेंबर २००९ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई विमानातून गेल्या तेव्हा त्यांचे वय ७४ होते. त्याच तळावरून २००६ साली राष्ट्रपती कलाम गेले होते. अर्थात त्यांना नऊ जी कोणी दिला नाही. पण जी-सूट चढवून बसावे लागलेच. आमच्या घरी तो फोटो पाहून आई म्हणाली होती, ‘आणि तुला पाच वर्षांत एकदाही बसवले नाही!’

मूळ विषयाकडे येतो. हवाई दलातील डॉक्टरला बंगलोरच्या विमान-वैद्यक संस्थेत पाठवतात. १९५७ साली स्थापन झालेल्या या संस्थेत एक दाब कमी करण्याची खोली आहे. आम्हा नव्या डॉक्टरांना तीत बसवून खोलीतील हवा २५,००० फूट उंचीवरच्या इतकी विरळ करण्यात आली आणि मास्क काढून गणिते करायला सांगितले. शंभरातून सात वजा करीत जायचे. त्या उंचीवर मास्कशिवाय माणसाचे डोके तीन ते पाच मिनिटे कामाचे राहते, हे मी पुस्तकात वाचलेले होते आणि तोंडी परीक्षेत सांगितलेही होते. मला काही त्रास झाला नाही. उलट फार बरे वाटत होते. आकडे झरझर सुचत होते. शेजाऱ्यापेक्षा मी पुढे आहे, असे वाटून मी हसलोही. मग कोणीतरी माझ्या तोंडावर मास्क दाबून धरला. मला त्याचा राग आला.

खाली आल्यावर कागद हातात दिला. पहिली चार उत्तरे बरोबर होती. नंतर ‘७२’ हा आकडा एकाखाली एक नऊ वेळा लिहिलेला होता आणि शेवटी एक रेघ कागदाबाहेर गेली होती. डॉक्टरांच्या अक्षराविषयी जे विनोद होतात ते सगळे त्या दिवशी आमच्या वर्गात होऊन गेले. परंतु मला त्या कागदाने जे शिकवले ते चार पुस्तकांनी शिकवले नव्हते : मेंदू थकला किंवा उपाशी राहिला की प्रथम जे बंद पडते ते स्वतःकडे पाहण्याचे यंत्र. चुकणाऱ्याला आपण चुकतो आहोत हे कळत नाही, आणि मास्क दाबणाऱ्याचा त्याला राग येतो. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

आता त्या दोन घटना.

पहिली एका तरुण वैमानिकाची. वयाने चोविशीचा, हसरा, सगळ्यांचा लाडका. त्याच्या तुकडीचा एक मोठा सराव होता आणि त्यात निवड होणे मानाचे होते. सरावाच्या आदल्या दिवशी त्याला सर्दी झाली. आपल्याकडे सर्दी हा आजार समजत नाहीत. उलट ‘सर्दीच तर आहे’ म्हणतो. पण विमान उंचावरून झपाट्याने खाली येते तेव्हा मध्यकर्णातील दाब बाहेरच्या दाबाशी जुळावा लागतो, आणि घशातून कानाकडे जाणारी नळी सुजून बंद असेल तर तो जुळत नाही. मला सांगितले तर मी त्याला उडू देणार नाही हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने मला टाळले. ब्रीफिंगला मागच्या रांगेत बसला, गावातल्या औषधाच्या दुकानातून गोळी आणून घेतली आणि उडाला. उतरताना उजव्या कानात सुरी खुपसल्यासारखी कळ आली, डोके गरगरले आणि काही क्षण आकाश कोणते व जमीन कोणती हे त्याला समजेना. तो उतरला, सुखरूप उतरला. शिडीवरून खाली आला तेव्हा कानातून रक्त येत होते.

मी संतापलो होतो, आणि माझा संताप अर्धा स्वतःवर होता, कारण सकाळी मीही त्याच्याकडे नीट पाहिले नव्हते. आता मुलाची कारकीर्द संपते की काय, अशी भीती मेसमध्ये सर्वांना होती. तुकडीच्या प्रमुखांनी त्याला खोलीत बोलावले, दार लावले. आत काय झाले ते कोणाला कळले नाही. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळच्या ब्रीफिंगमध्ये, हवामान आणि पक्षी आटोपल्यावर, ते स्वतः उभे राहिले आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, ‘माझ्या मुलीला रात्रभर ताप होता. मी दोन तास झोपलो आहे. आज मी उडणार नाही. डॉक्टर, नोंद करा.’ आणि खाली बसले.

सुज्ञ वाचकांनी कल्पना करावी. वीस तरुण वैमानिक, सर्वांना एकमेकांपेक्षा सरस ठरायचे आहे, आणि त्यांच्यातला सर्वांत अनुभवी माणूस सर्वांदेखत सांगतो की आज मी पात्र नाही. कोणी काही बोलले नाही. पण त्या आठवड्यात माझ्याकडे आपणहून तीन जण आले : एकाला सर्दी होती, एकाची पाठ धरली होती आणि एकाचे घरी भांडण झाले होते. तिसऱ्याला औषध काय द्यायचे हे मला ठाऊक नव्हते. मी त्याला चहा दिला आणि दिवसभरापुरते जमिनीवर ठेवले. कान फुटलेला मुलगा यथावकाश बरा होऊन पुन्हा उडू लागला.

दुसरी घटना १९९९ च्या उन्हाळ्यातली. त्या मे-जूनमध्ये हवाई दलाच्या तळांवर दिवस-रात्र हा भेद उरला नव्हता. लोकांच्या डोळ्यांसमोर वैमानिक असतात, आणि ते योग्यच आहे. पण एका विमानामागे हँगरमध्ये किती हात असतात याची कल्पना बाहेर नसते : इंजिनवाले, विद्युतवाले, रडारवाले, शस्त्रे चढवणारे, छत्री घडी करणारे. विमानाच्या कामात एक नियम असा की प्रत्येक हत्याराची जागा फळीवर रंगवलेली असते. काम संपले की हत्यारे मोजायची, आणि एक जरी कमी भरले तरी ते सापडेपर्यंत ते विमान उडणार नाही. विसरलेला पाना विमानाच्या पोटात कोठे जाऊन अडकेल ते सांगता येत नाही.

एका पहाटे एक पाना कमी भरला. विमान सकाळी लागणार होते. त्या पाळीचा प्रमुख सार्जंट, वीस वर्षांचा अनुभवी, अत्यंत काटेकोर माणूस, बॅटरी घेऊन विमानाखाली सरपटत शोधत होता. तासभर सगळे शोधत होते. कोणाला भोवळ आली म्हणून मला बोलावले होते. त्याला पाणी देऊन मी उभा होतो. तेवढ्यात सर्वांत नव्या, मिसरूडही न फुटलेल्या एअरमनने घाबरत घाबरत म्हटले, ‘सर, आपकी जेब में…’ सार्जंटच्या पँटच्या मागच्या खिशातून पान्याचे टोक बाहेर आले होते. तासभर तो तेथेच होता. त्या माणसाने खिशाला हात लावला, पाना काढला, पाहिला, आणि तो खाली बसला. मी विचारले, ‘आखरी बार कब सोये?’ त्याला आठवेना. बरोबरच्यांनी हिशेब करून सांगितले, चाळीस तासांपूर्वी.

त्याला कोणी शिक्षा केली नाही. मी त्याला झोपायला पाठवण्याची चिठ्ठी लिहिली. त्याने ती घेण्यास नकार दिला, लढाई चालू असताना झोपायला जाणे त्याला लाजिरवाणे वाटत होते. शेवटी त्याच्या अधिकाऱ्याने तो हुकूम म्हणून सांगितला. त्यानंतर पाळ्या बदलल्या, हँगरच्या मागे कूलर लावून खाटा टाकल्या गेल्या. माझ्या पाच वर्षांच्या सेवेत देशाच्या उपयोगी पडलेले माझे सर्वांत मोठे औषध कोणते, असे कोणी विचारले तर मी त्या खाटा दाखवीन.

तळावर आणखी एक जग असते, ज्याचा उल्लेख अशा लेखांत राहून जातो. क्वार्टर्सच्या ओळी, शाळेची बस, कॅन्टीनची रांग, गणपतीत दहा दिवस एकत्र येणारी चार-पाच मराठी घरे. ग्वाल्हेरला असताना रविवारी मी लष्कर भागातल्या एका मराठी घरी जेवायला जात असे. शिंद्यांच्या काळापासून तेथे स्थिरावलेले कुटुंब. मराठी आपल्यासारखीच, हिंदीत भिजलेली. तेथल्या काकू वरणभात वाढता वाढता डोक्यावरून विमान गेले की थांबत, आवाज विरला की पुन्हा वाढत. तळावरच्या क्वार्टर्समध्ये बायका यापुढे गेलेल्या असत. चार विमाने गेल्याचा आवाज आला की चार परतल्याचा आवाज येईपर्यंत त्यांचे बोलणे चालू असे, पण कान दुसरीकडे असत. कोणी मोजतो आहोत असे म्हणत नसे. २८ जानेवारी २०२३ रोजी सकाळी ग्वाल्हेरहून निघालेली एक सुखोई आणि एक मिराज कोसळली. सुखोईतील दोघे वाचले, मिराजचा वैमानिक गेला. मी दवाखान्यात होतो; भिंतीवरच्या टीव्हीवर बातमी आली आणि मला प्रथम आठवल्या त्या क्वार्टर्सच्या ओळी, जेथे त्या दिवशी हिशेब जुळला नव्हता.

२००० साली मी धामनोदला परतलो आणि आग्रा-मुंबई रस्त्यालगत दवाखाना टाकला. आपले गावही एका अर्थी धावपट्टीच्या कडेलाच आहे, हे लवकरच लक्षात आले. मानपूरकडून उतरणारे ट्रक, गणपती घाटातले ब्रेक निकामी होण्याचे अपघात, खलघाटचा पूल. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला निघालेली महाराष्ट्राची एसटी बस खलघाटच्या पुलावरून नर्मदेत पडली आणि किमान बारा माणसे गेली. त्यांना आपल्या धामनोदच्याच रुग्णालयात आणले होते. त्या दिवशी येथल्या डॉक्टरांनी, सिस्टरांनी आणि नर्मदेत उड्या टाकणाऱ्या नावाड्यांनी काय केले हे आपण सर्वांनी पाहिले आहे. भोंगा येथेही केव्हाही वाजू शकतो. फक्त येथे सकाळचे ब्रीफिंग नाही.

ट्रकचालक माझ्याकडे येतात ते बहुधा परवान्यासाठी लागणाऱ्या ‘फॉर्म १-ए’ वर सही घ्यायला. टेबलावर कागद आणि त्यावर नोटा. दृष्टी तपासतो म्हटले तर चालक नाराज होतो. आणि ‘कल कितने घंटे सोये?’ विचारले तर हसतो. एक जण म्हणाला होता, ‘साहब, सोयेंगे तो खायेंगे क्या?’ त्याला उत्तर देण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. वैमानिकाला मी जमिनीवर ठेवले तरी त्याचा पगार चालू असे. ट्रकचालकाला जमिनीवर ठेवले तर त्याच्या घरची चूल थांबते. हा फरक मी विसरत नाही. तरी डोळे न तपासता सही करीत नाही, त्यामुळे माझ्याकडे या कामासाठी येणारी गर्दी फार कमी झाली आहे.

पण खरे सांगायचे ते दुसऱ्या कोणाविषयी नाही. काही वर्षांपूर्वी, डेंग्यूच्या एका मोसमात, मी सलग तीस तास जागा होतो. जिन्यावरही रुग्ण झोपवलेले होते. मला अजिबात थकवा जाणवत नव्हता. उलट आज आपले हात फार चपळ चालताहेत असे वाटत होते. पहाटे चारच्या सुमारास एका लहान मुलासाठी मी इंजेक्शनची मात्रा लिहिली आणि पुढच्या खाटेकडे वळलो. सिस्टर जागची हलली नाही. ‘सर, बच्चे का वज़न ग्यारह किलो है,’ ती म्हणाली. मला तिचा राग आला. ‘मालूम है,’ मी म्हणालो. तिने कागद माझ्यासमोर धरला. त्यावर मोठ्या माणसाची मात्रा होती, माझ्या अक्षरात, स्वच्छ.

मूल बरे होऊन घरी गेले. त्याच्या आई-वडिलांनी जाताना माझ्या पायांना हात लावला, आणि माझ्याकडून त्यांना काही सांगवले नाही. रात्री घरी आल्यावर मी बंगलोरचा तो ‘७२’ चा कागद काढून पाहिला. दोन्ही कागदांवरचे अक्षर सारखेच होते.

डॉक्टर मित्रहो, आपल्याला ‘ए४’ देणारे कोणी नाही. आपणच आपले वैद्य, आपणच आपले प्रमुख, आणि दाराबाहेर रांग लागलेली असताना ‘आज मी नाही’ म्हणण्याची आपल्या धंद्यात रीत नाही. तसे म्हणणाऱ्याविषयी गावात काय बोलले जाते तेही ठाऊक आहे. म्हणून त्या मोसमानंतर मी आणि गावातील माझे दोन व्यवसायबंधू, ज्यांच्याशी तोवर माझे नाते नमस्कारापुरतेच होते, किंबहुना रुग्णांच्या ओढाओढीमुळे थोडे आंबलेलेच होते, एका रविवारी महेश्वरच्या घाटावर बसलो. मी त्यांना दोन्ही कागद दाखवले. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांतल्या एकाने स्वतःची एक रात्र सांगितली, जी येथे सांगण्याचा मला अधिकार नाही. ठरले ते साधे होते : ज्याला वाटेल, किंवा ज्याच्याविषयी त्याच्या सिस्टरला अथवा पत्नीला वाटेल, की आज हा माणूस ठीक नाही, त्याने दुसऱ्या दोघांना फोन करायचा. कारण विचारायचे नाही. त्याचे तातडीचे रुग्ण दोघांनी वाटून घ्यायचे आणि बरे झाल्यावर परत पाठवायचे. या शेवटच्या अटीवर सर्वांत जास्त चर्चा झाली.

पहिले सहा महिने एकही फोन आला नाही. आम्ही तिघेही पुरुष, तिघेही निमाडचे. मोडू पण वाकणार नाही, अशातले. पहिला फोन आला तो आमच्यापैकी एकाच्या घरून, वहिनींचा : ‘भाऊजी, हे ऐकत नाहीत. तुम्हीच सांगा.’ मी सांगितले. तो माझ्यावर चिडला, पण झोपला.

मागच्या पावसाळ्यात एका पहाटे पाच वाजता माझा फोन वाजला. दुसऱ्या मित्राचा आवाज होता, जड झालेला. ‘डॉक्टरसाहेब,’ तो म्हणाला, ‘आज मी ए४.’

मी म्हटले, ‘नोंद केली,’ आणि चपला घातल्या.